थेट बेंगळूरहून

भालकीच्या शिक्षक-प्रशिक्षणात टीव्ही लावून प्रशिक्षक नरहरराव म्हणाले, "शिक्षण खात्याचे साहेब थेट बेंगळूरहून बोलायलेत. फोन करा, उत्तर देतील."

खटकचिंचोळीच्या जगदेवीबाईंनी फोनवर विचारलं, "मेंढरांमागं चार महिने गाव सोडणाऱ्या पोरांना शिकवायचं कसं?" पडद्यावरचे साहेब आपलंच बोलत राहिले. बाईंना तिथंच संशय आला.

मग लाईट गेली. तासाभरानं आली, तर साहेबांनी पुन्हा पहिल्या नमस्कारापासून सुरुवात केली.

"सर, ही तर सीडी हाय!"

"हळू बोला, बाई. नोकरी कायम व्हायची हाय ना? मग गुमान सही करा."

फॉर्मवर आधीच छापलं होतं : शंकांची उत्तरं मिळाली. बाईंनी 'मिळाली'पुढं ठळक 'न्हाईत' लिहिलं आणि खाली सही ठोकली.