बर्फाची परीक्षा

मुलीचं कोपराचं हाड बसवून आम्ही दुपारी घरी आलो. हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, "भुलीच्या सुईचा असर उतरायच्या आत दुखण्याचं औषध पोटात जायला हवं. संध्याकाळी द्याच. त्याआधी बोटांना बर्फ गार लागायला लागला, तर तेव्हाच." मी हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. शेवटी त्या नवऱ्याकडे बघून बोलायला लागल्या.

औषध कडू होतं. मुलीने दवाखान्यातच एक चमचा घेतला होता, आणि बर्फाचा नियम माझ्या मांडीवर बसून ऐकला होता. याकडे माझं लक्ष गेलं नाही. एरवी ते सगळीकडे असतं.

"गार लागतंय?" बोटांना बर्फ लावून मी दर थोड्या वेळाने विचारत होते.

"नाही."

"अगं, किती वेळा बर्फ लावशील?" भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. "सर्दी व्हायची पोरीला."

संध्याकाळी मी बाटली काढली.

"काही होत नाही म्हणतेय ना ती? मग उगाच कशाला पोटात औषध कोंबायचं?"

"आईचं बरोबर आहे," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "तुझंही बरोबर आहे."

मी बाटली परत ठेवली.

थोड्या वेळाने मुलगी चित्र रंगवायची थांबली. ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसली. मी पुन्हा बर्फ आणला.

"डोळे मीट," मी म्हटलं. "गार लागलं तर हो म्हण, नाही लागलं तर नाही म्हण."

अंगठ्याला बर्फ लावला.

"नाही."

मग मी बर्फ लावलाच नाही, नुसती थांबले. ती गप्प. करंगळीला लावला.

"नाही."

पुन्हा बर्फ न लावता थांबले. ती गप्प. मधल्या बोटाला टेकवला.

"नाही."

डोळे मिटलेले, तरी प्रत्येक 'नाही' बर्फ टेकल्यावरच आलं होतं. सासूबाईंची भाजी थांबली. "आजोबांवर गेलीय," त्या म्हणाल्या. "तेही औषध असंच चुकवायचे."

औषध दिलं, पण ते लागू पडेपर्यंत दुखणं येऊन पोचलं होतं. ती खूप रडली. सासूबाई तिचे पाय चोळत बसल्या, कारण हाताला कुणी शिवायचं नव्हतं. नवरा पंखा लावत होता आणि बंद करत होता.

पुढच्या डोसच्या वेळेला बर्फ काढलाच नाही. सासूबाईंनी चमचा आणला, नवऱ्याने तिला मांडीवर घेतलं.

"पण दुखत नाहीये," ती म्हणाली.

"माहितीय," मी म्हटलं. "म्हणूनच."