बोटभर जास्त

गाडी बनवणाऱ्यांनी ती गाडी बनवायची सोडून वीस वर्षं झाली होती, पण आत्याने ती चालवायची सोडायला हवी ना. आतोबांच्या मागे राहिलेली ती एकच हलणारी वस्तू, आणि आत्याचा जीव तिच्यात अडकलेला. वय अडुसष्ट, उजवं मनगट मोडून जोडलेलं, तरी घाटापलीकडच्या मैत्रिणीकडे एकटीच जाणार म्हणजे जाणार. पॉवर स्टिअरिंगचा होज, म्हणजे तेलाची नळी, चिरला होता आणि बाजारात तो मिळत नव्हता. पण भाची होजच बनवते म्हटल्यावर आत्याने कुठे तिसरीकडे जायचं?

सकाळी होज तयार झाला. भाचीने तो स्वतः बसवला, अंगणात चाकं दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहिली. तेलाचा थेंब नाही. आत्या खुशीत निघून गेली.

आता हे काम काही फार अवघड नाही, पण त्यात एक मेख आहे. नळीच्या दोन्ही टोकांना लोखंडी कॉलर चढवायची, नळी आत तळापर्यंत ढकलायची आणि कॉलर प्रेसमध्ये दाबायची. एकदा दाबली की आत काय आहे ते देवालाही दिसत नाही. म्हणून आधी नळीवर पांढऱ्या पेन्सिलीने रेघ मारायची. रेघ कॉलरला टेकली म्हणजे नळी तळाला पोचली. अर्धवट बसलेली नळी गार तेलाला दम धरते. तेल तापलं आणि वळणावर जोर आला की सुटते. मग स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. एखादा दांडगा गडी झटापट करून गाडी वळवेलही. मोडक्या मनगटाची बाई घाटाच्या वळणावर काय करणार?

आत्या जाऊन वीस मिनिटं झाली होती. भाची दुसऱ्या गिऱ्हाइकाची नळी कापत होती. कापली, टोकं आत ढकलली, आणि सहज तिची नजर भिंतीशी टेकवलेल्या फळीवर गेली. जुन्या होजचा आकार धरून तिच्यावर खिळे ठोकले होते. सकाळी नवा होज त्या खिळ्यांवर लावला तेव्हा तो बोटभर सैल लोंबत होता. आत्याच्याही नजरेत आलं होतं. "जुन्यापेक्षा लांब झालाय का गं?" तिने विचारलं होतं.

"थोडी ढील बरी असते, आत्या," ही शहाणी म्हणाली होती.

ढील कसली डोंबलाची. नळी तिने बरोब्बर मापात कापली होती. मग बोटभर वाढली कुठून? जे टोक आत जायला हवं होतं, ते बाहेर राहिलं होतं.

तिने फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा हा आत्याचा नियम, आणि स्वतःचा नियम मोडेल ती आत्या कसली. पण तिचा आणखी एक नियम होता. घाट चढण्याआधी पायथ्याच्या पेट्रोलपंपावर चारी चाकांची हवा तपासायची. ताशी चाळीसच्या वर तिने गाडी कधी नेली नव्हती. म्हणजे अजून वेळ होता, पण जेमतेम.

ती व्हॅनला किल्ली लावते तोच तिचे बाबा शेजारच्या सीटवर चढून बसले. आख्खा बाजार त्यांना वस्ताद म्हणत असे, पण दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सकाळी ते म्हणाले होते, "अक्काचा होज आहे, एक टोक तरी मी दाबतो." हिला नाही म्हणवलं नाही. वरचं, स्टिअरिंगच्या पंपाकडचं टोक हिने दाबलं, खालचं त्यांनी.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"एक टोक बाहेर राहिलंय. रेघ मारली होती का तुम्ही?"

"रेघ मला दिसत नाही. मी तिच्या जागी दोरा बांधतो."

"दोरा," ती म्हणाली. समोर एक ट्रक रस्ता अडवून आरामात चालला होता आणि ती हॉर्नवर हात दाबून बसली होती. "दिसत नाही तर कशाला हात लावता, बाबा? मी भिडेखातर गप्प बसते आणि तुम्ही प्रेसशी जाऊन बसता. उद्यापासून प्रेसला हात लावायचा नाही. आत्याला काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. "बरं," एवढंच म्हणाले.

पेट्रोलपंप दिसला तेव्हा आत्याची गाडी बाहेर पडायच्या बेतात होती. दिवा लुकलुकत होता, पुढचं चाक रस्त्याला लागलं होतं. भाचीने व्हॅन सरळ तिच्यापुढे आडवी घातली. आत्याने काच खाली केली. "गाडी चालवतेस की नांगर? आत्ता दिली असती ना धडक."

"इंजिन बंद कर आत्या. आधी बंद कर."

बॉनेट उघडलं. बाबांनी कापड गुंडाळून हात खाली घातला, त्यांनी दाबलेलं टोक चाचपलं आणि हात तिथेच ठेवला. भाचीने वाकून पाहिलं. नळीभोवती आवळलेला दोरा कॉलरला असा चिकटून होता की मध्ये नखही गेलं नसतं.

मग तिने वरचं टोक कापडाने धरून थोडं पिळून पाहिलं. तिची रेघ खालच्या अंगाला गेली होती. ती नेहमी एकाच बाजूला ओढायची, घाईत. रेघ कॉलरपासून बोटभर लांब होती आणि मधल्या जागेत गरम तेलाचा थेंब जमला होता. सकाळी हे टोक दाबताना ती आत्याशी रस्त्याच्या गप्पा मारत होती, हे तिला आत्ता आठवलं. लाज वाटली, नुसती लाज.

बाबांनी बोट पुढे करून तेही टोक चाचपलं. त्यांना कळलं. आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय झालंय, कुणी सांगेल का?"

"माझी चूक, अक्का," बाबा म्हणाले. "नजर गेली माझी. पोरीने तरी किती सांभाळायचं?"

"मी केव्हाची सांगतेय, आता घरी बस म्हणून," आत्या सुरू झाली.

भाचीने नुसती मान डोलावली असती तर विषय तिथेच संपला असता.

"आत्या, त्यांना बोलू नकोस. बाबांचं टोक चोख आहे. चुकलंय ते माझं, आणि वाटभर मी त्यांनाच बोलत आले."

आत्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. मग डिकीतून पिशवी काढून ती व्हॅनमध्ये जाऊन बसली.

दुपारी नवी नळी कापली. बाबांनी चाचपत दोन्ही टोकांना दोरा बांधला. भाचीने एका टोकाला कॉलर चढवली, नळी ढकलली आणि ती प्रेसपासून बाजूला झाली.

"हात लावायला बंदी आहे म्हणे मला," बाबा म्हणाले. चष्मा अजून खिशातच होता.

तिला हसू आलं नाही. तिने त्यांचं बोट धरून दोऱ्यावर टेकवलं.

"हे माझं टोक आहे, बाबा. आधी तपासा, मगच मी दाबते."