हिरवागार तुकडा

सामाईक मळ्यात सगळ्यांचे टोमॅटो वाकडे झाले आणि शिंपीकाकांचे तेवढे सरळ राहिले, इथूनच त्यांचे ग्रह फिरले.

खरं तर माणसाचं पीक चांगलं आलं की त्याने मिरवावं. पण काका सकाळी मळ्यात गेले आणि आजूबाजूला बघून पायवाटेवरच थांबले. शेजारच्याला वाटून दिलेल्या तुकड्यात घेवड्याची पानं मूठ वळल्यासारखी आत वळली होती. त्याच्या पलीकडे पोस्टमनच्या टोमॅटोचे शेंडे पीळ घालून सुकायला ठेवलेल्या फडक्यासारखे झाले होते. मळ्याचे अध्यक्ष, म्हणजे मास्तर, यांच्या बटाट्याची तीच गत. आणि मध्ये काकांचा तुकडा! हिरवागार, टवटवीत, नजर लागावी असा.

"कोणीतरी तणनाशक मारलंय," पोस्टमन मोठ्याने म्हणाला. नाव घेतलं नाही, पण बघत होता तो काकांकडेच.

आता काकांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांचीही बाजू फार स्वच्छ नव्हती. मळ्यात त्यांना पाठीमागे 'कायदेपंडित' म्हणत. कोणाचं कुंपण वीतभर पुढे आलं, कोणी नळ चालू ठेवून गप्पा मारत बसलं, कोणी पायवाटेवर काटक्या टाकल्या, की काका मास्तरांकडे हजर. पोस्टमनने बांधलेली कोंबड्यांची खोपटी त्यांच्याच तक्रारीमुळे मोडावी लागली होती. माणूस वाईट नव्हता हो. जन्मभर कापड मापून कापलेलं. सुताएवढा फरक त्यांच्या डोळ्यांना सोसत नसे. पण लोकांना ते नाकाने कांदे सोलणारे वाटत, आणि लोकांचंही काही चुकत नव्हतं.

मळ्याचा एक नियम मात्र सगळ्यांना पाठ होता. तणनाशक मारणाऱ्याचा तुकडा काढून घ्यायचा, दयामाया नाही. मास्तरांनी तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी सभा बोलावली. विषय एकच.

काकांचा जीव टांगणीला लागला. सुईत दोरा ओवता येईना म्हणून त्यांनी दुकान बंद केलं होतं, आणि त्यानंतर हातांना काम असं या मातीतच उरलं होतं. बायको वर वर चेष्टा करायची, "तुम्ही दिवसभर घरात बसलात तर तुकडा मला घ्यावा लागेल." पण या दिवसांत तिने चेष्टा केली नाही. तेवढ्यावरून काकांना कळलं की तीही घाबरली आहे.

त्यांना झोप लागेना, जेवण जाईना. पण डोकं शिंप्याचंच होतं. चार गिऱ्हाइकांचे कपडे एकाच धुण्यात आटले तर दोष शिवणीचा नसतो, कापडाचा असतो. मग या सगळ्यांच्या तुकड्यांत सारखं काय होतं, जे आपल्या तुकड्यात नव्हतं?

घोड्याची लीद!

बेकरीवाल्या ताईंनी वाटलेली. तबेल्यातून त्यांना ट्रकभर लीद फुकट मिळाली होती आणि त्यांनी स्वतः ढकलगाडी लोटत प्रत्येकाच्या तुकड्यावर नेऊन टाकली होती. काकांनी तेवढी नाकारली होती. बाहेरचं खत समितीला विचारल्याशिवाय आत आणायचं नाही, असा नियम होता ना! तेव्हा ताई हसून म्हणाल्या होत्या, "काका, तुम्ही म्हणजे अगदी हे आहात." मळ्यात काकांशी हसून बोलणाऱ्या त्या एकट्याच.

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता दुसऱ्याची वस्तू उचलली. ताईंच्या तुकड्याच्या फाटकाशी उरलेल्या ढिगातली ओंजळभर लीद पिशवीत घालून ते चोरासारखे घरी आले. दह्याच्या रिकाम्या डब्यांत घेवडा पेरला, काहींत आपली माती, काहींत लीद मिसळून. पानं फुटली, आणि लिदीच्या डब्यांतली सगळी मुठी वळूनच बाहेर आली. गवत सोडून बाकीचं तण मारणारं औषध कुठल्या तरी शेतात मारलेलं असणार, ते गवत घोड्यांनी खाल्लेलं, आणि औषध जसंच्या तसं इथवर आलेलं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी ते डबे घेऊन बेकरीत गेले. ताईंचे हात कोपरापर्यंत पिठात होते. काकांनी सगळं सांगितलं. ताईंनी डब्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे मी केलं?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं?"

"तुम्हाला काय माहीत होतं त्यातलं?"

"मग सभेत सांगा ना. मला कशाला सांगताय?"

"मी सांगितलं तर लोक म्हणतील, आपलं पाप ताईंच्या माथी मारतोय. तुम्ही बोललात तर ऐकतील."

ताईंनी पिठाच्या हातांनीच डबे कडेच्या फळीवर ठेवले. मग म्हणाल्या, "बघते," आणि भट्टीकडे वळल्या.

काका घरी आले तेव्हा बायकोने विचारलं, "डबे कुठायत?"

"त्यांच्याकडेच राहिले."

"पुरावा तिच्याच दुकानात ठेवून आलात? धन्य आहे बाई तुमची!" तिने कपाळावर हात मारला. "आणि उद्या ती गप्प बसली तर?"

काका चपला काढता काढता थांबले. परत जाऊन डबे मागावेत असं दहादा मनात आलं. पण मागायचे कोणत्या तोंडाने? ज्या बाईला 'तुम्हीच बोला' म्हटलं, तिच्यावर लगेच अविश्वास दाखवायचा?

सभा अवजारांच्या शेडमध्ये भरली. ताई उशिरा आल्या, मांडीवर कापडी पिशवी घेऊन मागे बसल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही.

पोस्टमन उभा राहिला. "आमचं सगळ्यांचं जळलं, यांचंच हिरवंगार. आणखी काय पाहिजे? इतकी वर्षं आम्हाला पाण्यात बघतायत."

"मी फवारलं नाही," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. ते मागे बघत राहिले. ताईंची मान खालीच.

"ज्यांना तुकडा काढून घ्यावा असं वाटतं," मास्तर म्हणाले, "त्यांनी हात वर करा."

एक हात वर गेला, मग दुसरा. पाठोपाठ सगळेच. आणि मागून ताईंचाही गेला. काकांनी मान पुढे वळवली.

"मला बोलायचंय," ताई म्हणाल्या.

त्यांनी डबे टेबलावर मांडले आणि थरथरत्या आवाजात सगळं सांगितलं. लीद कुठून आणली, कोणाकोणाला दिली, डब्यांत काय उगवलं. शेवटी म्हणाल्या, "काकांचा काही दोष नाही. माझा आहे. तुकडा काढायचा तर माझा काढा."

शेडमध्ये एकदम गलका झाला. कोणी ताईंना पाणी दिलं, कोणी पाठीवर हात फिरवला. पोस्टमन म्हणाला, "अहो ताई, चांगल्या मनाने दिलंत. रडताय काय!" मास्तरांनी कबूल केलं की लीद त्यांनीही समितीला विचारल्याशिवायच घेतली होती, आणि नियमांचं एवढं काय घेऊन बसायचं. दोन मिनिटांपूर्वी वर गेलेले हात आता ताईंचे डोळे पुसत होते.

काकांच्या छातीवरचं ओझं उतरलं. तुकडा वाचला. त्यांना हसावंसं वाटलं, आणि त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे ताईंभोवती होते. काकांकडे वळून कोणी साधं 'चुकलं हो' म्हणालं नव्हतं.

"झालं तर मग," मास्तर म्हणाले. "काका, तुम्हाला काही बोलायचंय?"

काकांनी रात्रभर जागून भाषण तयार केलं होतं. नियमांचं महत्त्व वगैरे. त्यातला एक शब्द आठवेना.

"एवढंच विचारायचंय," ते म्हणाले. "ती लीद मी वाटली असती तर?"

मास्तर चष्मा पुसायला लागले. शेवटी पोस्टमनच बोलला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तर काढला असता तुकडा," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलंही नसतं."

काकांनी मान हलवली. त्यांना हे ठाऊकच होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडावर ऐकणं वेगळं. लोक खुर्च्या उचलायला लागले, मास्तर दारात किल्ली घेऊन थांबले, तरी काकांना काही केल्या उठवेना.