ट्यूबचा गोल तुकडा

"हात लावायच्या आधी कान लाव बे, गयन्या. ती सांगती."

हा आवाज सत्तावीस वर्षांपूर्वीचा. केजच्या स्टँडमागचं पत्र्याचं गॅरेज, उघड्या बॉनेटवर वाकलेले भीमाशंकरआप्पा आणि त्यांच्या शेजारी विशीतला गहिनीनाथ. काम करताना आप्पा गुणगुणायचे. चाल आईच्या जात्यावरची, शब्द मात्र स्वतःचे:

लोखंडाच्या माझ्या बाळा, पोटात तुझ्या जाळ
घोटभर पाणी पी रं, पुढं घाटाचा माळ

आज नेकनूरला, गहिनीनाथच्या स्वतःच्या गॅरेजसमोर, आप्पांची जुनी पांढरी गाडी येऊन थांबली, तेव्हा त्याला आधी ती चाल आठवली आणि मग माणूस दिसला. आप्पा पुढच्या सीटवर बसले होते. मांडीवर पान्यांची पेटी, तिच्यावर दोन्ही हात, कडेवरचं लेकरू सांभाळावं तसे. गाडी त्यांची मुलगी प्रणिता चालवत होती. ती केजला शाळेत शिकवते.

शेजारच्या चहाच्या टपरीवरून जीपवाला हनुमान ओरडला, "ए ढिल्या, गिऱ्हाईक आलं बग."

आप्पांनी मान दुसरीकडे फिरवली. गहिनीनाथला ते नाव त्यांच्याच गॅरेजात पडलं होतं. तेलगावच्या एका जीपचं ऑइल बदललं, खालचा बोल्ट ढिला राहिला, वाटेत सगळं ऑइल गळून इंजिन जाम झालं. ड्रायव्हर माणसं घेऊन आला. त्या गर्दीसमोर आप्पा एवढंच म्हणाले, "पोराकडून झालं." बोल्ट आप्पांनी आवळला होता, गहिनीनाथ तेव्हा पलीकडे प्लग घासत बसला होता. त्याने उरलेले प्लग घासून संपवले. संध्याकाळी हात धुतले, कपड्यांची पिशवी उचलली, आणि पुन्हा केजच्या त्या पत्र्याखाली गेला नाही. नाव मात्र जीपवाल्यांच्या तोंडून नेकनूरपर्यंत आलं. पाटीवर 'गहिनीनाथ ऑटो' लिहिलेलं आहे. ते बहुधा रंगवणाऱ्यानेच काय ते वाचलं असेल.

"काका, केजहून निघाली की वीसेक किलोमीटर झकास येते," प्रणिता सांगू लागली. "मग दम सोडते. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही, शेवटी बंदच पडते. दोघांना दाखवली. प्लग झाले, फिल्टर झाला, पंपही बदलला. सोमवारी भंगारवाला येणार आहे. आप्पा म्हणाले, त्याच्या आधी गयन्याला दाखव."

मग ती त्याला जरा बाजूला घेऊन हळूच बोलली. "ते विसरतात हो आता. परवा गॅस तसाच चालू राहिला. मी शाळेत गेले की गाडीत खटपट करत बसतात. हे जर त्यांनीच काही केलेलं निघालं ना, तर गाडीबरोबर ती पेटीसुद्धा देऊन टाकणार आहे. मला भीती वाटते."

गहिनीनाथने पेटीकडे पाहिलं. कडीला अजून तीच तांब्याची तार होती. त्यानेच बांधलेली.

"बंद पडल्यावर काय करता, ताई?"

"टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघते. असतंच. झाकण लावून स्टार्टर मारला की सुरू."

"झाकण न उघडता कधी मारलाय का?"

ती थांबली. "एकदा पाऊस होता, उतरलेच नाही. तेव्हा अर्धा तास सुरू झाली नाही."

"मग चला, तिलाच इचारू."

गहिनीनाथ स्टिअरिंगवर बसला, आप्पा शेजारी, प्रणिता मागे. गाडी मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागली. दुतर्फा कापूस फुटला होता. आप्पांचं बोट पेटीवर इंजिनाच्या ठेक्यात हलत होतं, पूर्वी बॉनेटवर हलायचं तसंच. मांजरसुंब्याहून गाडी वळवली, परतीच्या चढाला आवाज पातळ झाला. तहानेनं घसा कोरडा पडलेल्या माणसाचा होतो तसा. प्रणिताला अजून काही जाणवलं नव्हतं. या दोघांनी मात्र एकाच क्षणी एकमेकांकडे पाहिलं.

"आली," आप्पा म्हणाले.

"आली," गहिनीनाथ म्हणाला.

गाडी आचके देत एका लिंबाखाली थांबली. गहिनीनाथ एकटाच उतरून मागे गेला. त्याने टाकीचं झाकण फिरवलं, तसा सूंऽऽ करून वारा आत ओढला गेला. त्याने झाकण उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा बसवलेला होता, फट राहू नये म्हणून कडेला साबण चोळलेला. एका फटक्यात कापलेला, कुठेही कोपरा नसलेला गोल. पेल्याभोवती ब्लेड फिरवून असा गोल कापणारी दोनच माणसं त्याला माहीत होती, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

त्या तुकड्याने झाकणाचं टाचणीएवढं भोक बुजलं होतं. आणि हे भोक कशासाठी असतं, ते आप्पांनीच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पाण्याची बाटली तोंडाला लावायला सांगितली होती. "ओठ सोडायचे न्हाईत. ओढ." दोन घोटांनंतर बाटली आत चेपली, पाणी येईना. "बग. टाकीचं बी असंच. वारं आत आलं तरच पेट्रोल भाईर जातंय."

गहिनीनाथने नखाने तुकडा उकलला आणि खिशात टाकला.

"भोक बुजलतं, ताई," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "धुळीनं. दुसरं काय न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

आप्पा बाजूच्या आरशातून त्याच्या खिशाकडे बघत राहिले. पेटीवरचं बोट थांबलं होतं.

गाडी नेकनूरपर्यंत कुठेही न अडखळता आली. तिथून पुढे आणखी दहा किलोमीटर पळवून आणली, तरी आवाज भरलेलाच. गॅरेजसमोर उतरताना प्रणिता म्हणाली, "सोमवारचं नको म्हणून सांगते." खूप दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला असावा.

हनुमान टपरीवरून उठून आला. "झाली का रं ढिल्या? बोल्ट तेवढा आवळ बाबा, न्हाई तर मास्तरीणबाई वाटंत बसतील."

टपरीवरचे दोघेतिघे हसले. गहिनीनाथही हसला, सत्तावीस वर्षं हसत आला होता तसा.

आप्पा दार धरून हळूहळू खाली उतरले. पेटी बॉनेटवर ठेवली आणि गहिनीनाथपुढे हात पसरला.

"खिशातलं दे."

"आप्पा, राहू द्या की."

"दे म्हणलं ना."

गहिनीनाथने तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. आप्पांनी तो प्रणितापुढे धरला.

"प्रणिता, हे म्या लावलतं. गाडीत पेट्रोलचा वास यायलता म्हणून. भोक ध्यानातच राहिलं न्हाई." त्यांनी पेटी बॉनेटवरून गहिनीनाथकडे सरकवली. मग हनुमानकडे वळले.

"ह्याला ढिल्या म्हणू नको. तेलगावच्या जीपचा बोल्ट म्या ढिला सोडलता."