न्हाव्याच्या खिडकीतली गोल रोझमेरी

मी एक जुनी रोझमेरी आहे, मित्रांनो, घमघमणारं विलायती झुडूप. बारीक टोकदार पानं, वर गोल डोकं आणि खाली काटकुळा दांडा. गेली अकरा वर्षं मी न्हावीकाकांच्या दुकानात, आरशाशेजारच्या खिडकीत उभी आहे. उभं राहून राहून पार शिणले, पण झाडाला कोण बस म्हणणार?

आले तेव्हा मी वीतभर फांदी होते. काकांनी मला कुंडीत लावलं, काठीला सैल बांधलं आणि दांड्यावरची खालची पानं खुडून टाकली. दांडा हातभर झाल्यावर तर शेंडाच छाटला. मला भारी राग आला होता. पण शेंडा गेल्यावर बाजूने फांद्या फुटल्या, आणि दर पंधरवड्याला कात्री लावून काकांनी त्यांचं हे डोकं घडवलं. कात्री केसांचीच. "मान सरळ ठेव," असं मलाही म्हणायचे.

पाण्याच्या बाबतीत ते कडक होते. मातीत बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं. गिऱ्हाइकं मात्र फार दयाळू. नंबर येईपर्यंत पेल्यातलं उरलेलं पाणी माझ्या मुळाशी ओतायची. एकदा मुळं कुजू लागली, तेव्हा काकांनी मला नव्या मातीत हलवलं आणि पेले दाराजवळ नेऊन ठेवले. येणारा-जाणारा माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं हुंगायचा. खरं सांगते, कौतुकाचाही शीण येतो.

मग काकांना मोतीबिंदू झाला. माझं डोकं कलतं होऊ लागलं, गिऱ्हाइकांचे कल्लेही वरखाली. शेवटी ऑपरेशन ठरलं आणि महिनाभर दुकान त्यांच्या लेकीकडे आलं. तिचा हात चांगला होता, पण काकांनी तिला कधी आपली कात्री दिली नव्हती. "आल्यावर बघू, दुकान तुला झेपतंय का," एवढंच म्हणून ते गेले. ते शब्द तिच्या मनाला लागले असावेत.

पहिल्याच आठवड्यात तिने मला खुर्चीसमोर ठेवलं, मशीन घेतलं आणि माझी डावी बाजू पार झिरो केली.

"बाजूला बारीक, वर भरदार. बाबा येईपर्यंत सारखं वाढून येईल," ती म्हणाली.

तिला तरी काय बोल लावणार? जन्मभर तिने केस पाहिले, आणि केस येतातच. आमचं तसं नसतं, मित्रांनो. पानं संपून नुसतं लाकूड लागेपर्यंत कापलं, की तिथे पुन्हा फुटवा येत नाही. ती रोज सकाळी दुकान उघडल्याबरोबर वाकून बघायची. दुसऱ्या आठवड्यात उघड्या फांद्या बोटाने चाचपायची. चौथ्या आठवड्यात तिने बघणंच सोडलं.

काका काळा चष्मा लावून आले. माझ्या उघड्या फांद्यांवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"मीच केलं, बाबा. वाटलं, येतील परत," लेक म्हणाली. "टाकून देऊ का?"

मी तयारच होते. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं असतं.

"टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाला आपण कधी बाहेर काढलंय का?" काका म्हणाले. मग त्यांनी खणातून आपली कात्री काढून तिच्या हातात दिली. "उरलंय ते सांभाळ. पान आहे तिथवरच कापायचं, लाकडाला हात लावायचा नाही."

तिने एक फांदी धरली, पानं बाजूला सारून आत पाहिलं, आणि नखभर शेंडा कापला. काकांनी तो उचलून पाहिला. मग ते खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी स्वतःच गळ्याभोवती कापड गुंडाळलं.

"आता माझे काप," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर कात्री उचलण्याआधी पानं बाजूला सारून आत हिरवं किती उरलंय ते बघा. तेवढ्यावरच आम्हाला पुढचे दिवस काढायचे असतात.