काचेतली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझे बालपण एका शाळेत गेले. ती शाळा बंद पडली, तेव्हा एका इस्त्रीवाल्या बाईने मला भंगारातून उचलले आणि ती राहत होती त्या इमारतीच्या जिन्यात टांगले.

त्या इमारतीचा मालक भाडेकरूंना एकेक करून बाहेर काढत होता. बाईने सगळ्यांना बजावले, "कुणाच्याही दारात त्याची माणसं आली की घंटा बडवायची. विचारत बसायचं नाही!"

मी वाजले की कोणी अर्धी दाढी करून, कोणी साबणाच्या हातांनी धावत येई. सगळे जिन्यात ठाण मांडून बसत. सामान खाली न्यायला वाटच उरत नसे. एकही घर रिकामे झाले नाही.

बातमी पसरली. गल्लोगल्ली जिन्यांत घंटा लागल्या. बाईचा धाकटा दीर छापखान्यात होता, बोलण्यात हुशार. त्याने सगळ्यांना जोडले. पाहता पाहता देशभराची संघटना झाली आणि तो सरचिटणीस झाला. माझे चित्र बिल्ल्यांवर आले. मला मोठ्या कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवले. कुणी उगाच वाजवू नये म्हणून माझा लोलकही काढून टाकला.

काही वर्षांनी, एका दुपारी बाई तिथे आली. केस पिकले होते, दम लागला होता.

"मालकाच्या मुलानं इमारत विकली. परवा घरं खाली करायला येणार आहेत. जिन्यात बसायला माणसं पाठव."

"वहिनी, आता असं परस्पर नाही करता येत," दीर म्हणाला. "आधी शाखेचा ठराव लागतो. शिवाय वरती बोलणी चालू आहेत."

"अरे, त्याच घरात तुला लहानाचा मोठा केला मी!"

त्याने चहा मागवला. तिने तो घेतला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मग हिला तरी दे."

"ती संघटनेची मालमत्ता आहे, वहिनी."

ती जिना उतरून गेली. मला ओरडायचे होते, पण कशाने ओरडणार?

तिसऱ्या दिवशी कळले, जिन्यात अकरा म्हातारी माणसे बसली होती. त्यांना उचलून रस्त्यावर ठेवले. संघटनेने निषेधाचा ठराव केला, एकमताने. कागदाच्या माथ्यावर माझे चित्र होते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही चार जण मिळून काही उभे कराल. ते वाढले तर खुशाल वाढू द्या, पण हाक द्यायला कुणाची परवानगी लागू देऊ नका. आणि माझ्यासारखी एखादी दिसली, तर तिची काच पुसू नका. फोडा.