ब्रेक लागतोय का, बाळासो?

माझ्या गॅरेजचा एक नियम हाय. ब्रेकचं काम केलं की गाडी पुसून नुसती चावी हातात द्यायची न्हाई. मालकाला शेजारी बसवायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा आन् उतरून दावायचा. साताऱ्यात दुसरं कोण असं करत असंल-नसंल, मला काय त्याचं?

केरबा आबांची गाडी सत्तावीस वर्साची. आबा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झाले, तवा घेतलेली. ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू तळाला जायचं. आबा म्हणले, "म्हातारी झाली रं." म्हणलं, "आवं, गाडी न्हाई, तिच्यातलं रबर म्हातारं झालंय." मागच्या डाव्या चाकातनं तेल झिरपत हुतं. तितलं रबर बदललं, वरच्या, पेडलकडच्या सिलिंडरचंबी बदललं. मग ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढाया आबांच्या मंडळींना, तानुबाई मावशींना, पेडलवर बसवलं. मी गाडीखालनं वरडायचो, "मारा... धरा... सोडा!" आन् ती सत्तरीची बाई वरनं ठसक्यात म्हणायची, "धरलाय की, किती धरू?"

काम संपल्यावर मावशीनं गाडीची ओटी भरली. हसू नका. पोटाला लेक न्हाई, ही गाडीच लेक. खण आन् नारळ तिनं चालवणाऱ्याच्या पायापाशी ठेवला. मला घाई. नारळाला पाय लागू नये म्हणून उचलला, कपाळाला लावला आन् सीटखाली सारला.

चढताना गाडी झकास गेली. वर यवतेश्वराचं दर्शन घेतलं, माघारी वळलो. दुसऱ्या वळणाच्या अलीकडं ब्रेक मारला, आन् पेडल जरासं खाली जाऊन थांबलं. गाडी काय थांबंना.

मागच्या डाव्या चाकाचा, हवा काढायचा नट आवळला हुता का मी? आठवंना. आवळला असंल. न्हाई आवळला. शेजारी आबा, मागं मावशी, म्होरं बुटका कठडा आन् पल्याड दरी. जीव खाऊन दाबला, पेडल जागचं हललं न्हाई. तिसऱ्यातनं दुसऱ्या गिअरात टाकली. इंजिन बोंबललं, गाडी थोडी दबली, पर उतार लय. आबांनी हँडब्रेक ओढला, तो मोकळाच वर आला. त्याची केबल सैल हाय हे सकाळीच सांगितलं हुतं, तर म्हणले, "फुडच्या खेपंला बघू."

"बाळासो!" मावशी किंचाळली.

तीस वर्सं हा धंदा करतोय, पर असा भ्यालो न्हवतो. घामानं स्टेअरिंग निसटाय लागलं. मनात एकच, ही दोन म्हातारी माझ्या हातनं मरत्यात.

आन् तवा पायानं सांगितलं. आरं, हवा राहिली असती तर पेडल तळाला गेलं असतं. तेल गळलं असतं तरी तळालाच. हे अर्ध्यात अडतंय, टणक. चाकात काय बिघडलं न्हाई, पायाखाली कायतरी हाय.

पर ते काढायचं तर ब्रेकवरचा पाय उचलाया पायजे. "पाय काढतोय," म्हणलं.

"पाय काढू नको!" आबा फौजी आवाजात वरडले. माझा पायबी ऐकंना, लाकूड झालेला. देवाचं नाव घेतलं आन् उचलला. गाडी सुटली. टाच आत घातली, गोल कायतरी लागलं, लाथ मारली, ते दाराकडं गेलं. दाबला.

ब्रेक असा लागला की आबांचं डोकं काचंला टेकलं. कठडा दोन हात म्होरं हुता.

खाली बघितलं. नारळ! चढताना सीटखाली मागं बसला आन् उतारावर घरंगळून म्होरं आला. माझं डोस्कंच फिरलं. "काय मावशी तुमी..." म्हणून मागं वळलो, तर तिची नजर नारळावरच.

"माझ्या हातानं रं... माझ्या हातानं समद्यास्नी मारलं असतं," म्हणाली, आन् पोरीवानी रडाय लागली.

माझी जीभ जाग्यावर आली. "न्हाई मावशी. तुमी डोळ्याम्होरं ठेवला हुता. सीटखाली सारला त्यो मी."

आबांनी नारळ उचलून मावशीकडं दिला. तिनं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला आन् डोळं पुसलं.

"चल," म्हणाली.

म्होरच्या वळणाला मागनं आवाज आला, "ब्रेक लागतोय का, बाळासो?"

"लागतोय, मावशी."

त्याच्या फुडच्या वळणालाबी तेच, त्याच्याबी फुडच्याला तेच. साताऱ्यात उतरलो, सपाट रस्ता लागला, तरी ती इचारतच राहिली. आन् मीबी दर खेपंला दाबून बघितल्याबिगर व्हय म्हणलो न्हाई.